खड्ड्याच्या मापाची खुर्ची

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून शौर्याची अपेक्षा कोणी करणार नाही. आणि घाबरट माणूस चिडका असतो, हेही स्वानुभवाने सांगते. लहानपणी मी ज्या ज्या गोष्टीवर डाफरले, तिला मी आधी भ्यालेली असायची. सगळ्यांत जास्त डाफरले ते माझ्या धाकट्या बहिणीवर.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा चंद्रपूरला आम्ही चांदाच म्हणायचो. माझे बाबा आलापल्लीच्या लाकूड डेपोत सुतार होते. डेपोच्या मागे कामकऱ्यांच्या घरांची एक ओळ, ओळीच्या मागे नाला आणि नाल्यापलीकडे साग. घरात आम्ही चौघं. बाबा, माय, मी आणि धाकटी. मी अकरा वर्षांची होते, ती पाच.

धाकटी बसत नव्हती. पाच वर्षांची झाली तरी मान धड धरत नव्हती. जन्मली तेव्हा रडलीच नाही, निळी पडली होती, असं माय सांगे. अंग कधी फळीसारखं ताठ व्हायचं, तर कधी ओल्या फडक्यासारखं सैल पडायचं. हात तर तिचं ऐकतच नसत. समोरची वाटी धरायला निघालेला हात डोक्यामागे जायचा, तिथून दाणकन जमिनीवर आपटायचा, आणि मध्ये कोणाचं नाक आलं तर नाकावर बसायचा. डोळे मात्र सगळं बघायचे. लोक म्हणत, पोरीला काही समजत नाही. मला ठाऊक होतं की समजतं, कारण मी डाफरले की ती डोळे फिरवून घ्यायची. या दुखण्याला नाव आहे, हे मला माझे केस पिकल्यावर कळलं. तेव्हा आमच्या ओळीत तिला नुसतं 'लुळी' म्हणत, तिच्यासमोरच.

माय जंगलखात्याच्या रोपांवर रोजीने जायची. त्यामुळे दुपारचं भरवणं माझ्याकडे. भरवायची रीत मायने शिकवली होती तीच. मांडीवर आडवी घ्यायची, एक हात माझ्या काखेत अडकवायचा, दुसरा गुडघ्याखाली दाबून ठेवायचा, मान मागे टाकायची आणि तोंड उघडलं की मऊ भाताचा घास आत सारायचा. निम्मा भात जिभेने बाहेर यायचा. तो पुसून परत सारायचा. तासभर हाच उद्योग. बाकीच्या पोरी बाहेर बिट्ट्या खेळायच्या आणि मी आत भात सारायची. रडू यायचं, पण मी रडायची नाही, चिडायची.

एका दुपारी घास देता देता तिला ठसका लागला. आधी खोकली, मग खोकणं थांबलं. खोकणं थांबलं म्हणून मला बरंच वाटलं, इतकी मी अडाणी. मग बघते तर तोंड उघडं, डोळे मोठे आणि ओठ जांभळे. आवाज काहीच नाही. मी उठलेसुद्धा नाही. नुसती ओरडत बसले. ओळीच्या टोकाला एक गोंड बाई राहायची, तिचा नवरा डेपोत ओंडक्यांच्या गाड्या हाकायचा. ती धावत आली. तिने धाकटीला माझ्या मांडीवरून ओढलं, उलटी धरली आणि पाठीत असे धपाटे घातले, की मला वाटलं ही मारूनच टाकते. भाताचा गोळा बाहेर पडला. धाकटी रडली. तिच्या रडण्याचा मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

पण त्याच रात्री ताप चढला, छाती घरघरू लागली. बाबांनी तिला चांद्याच्या दवाखान्यात नेलं. बारा दिवसांनी परत आणली. डॉक्टरांनी काय सांगितलं ते बाबांनी आल्या आल्या सांगून टाकलं. गोष्टी लपवायची अक्कल त्यांना नव्हती. "घास श्वासाच्या नळीत गेला म्हणे. अजून एकडाव असं झालं तं पोरगी हाती लागनार नाई."

हे ते मायकडे बघून म्हणाले. पण दुपारी भरवणारी कोण होती?

त्या दिवसापासून मला जेवणाची धास्ती बसली. सकाळी उठल्यापासून मी दुपारची वाट बघायची, फाशीची वाट बघावी तशी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, पण मी काही फुंकत बसले नाही. मला हे एकदाचं संपवून मोकळं व्हायचं असे. जेवढा वेळ भात तिच्या तोंडापाशी, तेवढा वेळ जीव टांगणीला, हे माझं गणित. म्हणून मी आधीपेक्षाही भराभरा भरवायची. आता माझ्या हातून बहीण मरणार, आज नाही तर उद्या, हे मी मनात पक्कं धरूनच चालले होते.

बाबांनी मात्र वेगळाच विचार केला. एकदा ते दुपारचे घरी आले, मला भरवताना बघत दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ढोरबी उभं राहून खाते. हिले आडवी पाडून काऊन भरवता?"

"बसते का थे?" मी डाफरले.

"बसवू," ते म्हणाले.

साहेबाला विचारून त्यांनी डेपोतले सागाचे तुकडे आणले आणि खुर्ची करायला घेतली. इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. निजलेल्या जित्या माणसाला काठी लावून मापत नाहीत. ते काम तिरडी बांधणाऱ्याचं. धाकटी तर सदा निजलेलीच. बाबा कमरेला घडीची पट्टी लावून हिंडणारे सुतार, पण पोटच्या पोरीला पट्टी लावायचं नाव काढताच मायने त्यांच्या हातावर फटका मारला. बाबाही मनातून भितच होते. मग खुर्ची नजरेच्या मापाने झाली. नमुना कुठला, तर डाकबंगल्यातल्या आरामखुर्चीचा. आलापल्लीत त्याहून चांगली खुर्ची कोणी पाहिली नव्हती. मोठे साहेब जिच्यात रेलून चहा पितात तशी पोरीला द्यावी, ही त्यांची हौस. रुंद बैठक, मागे कललेली पाठ, लांब हात. हात इकडेतिकडे फेकू नये म्हणून मनगटं खुर्चीच्या हातांना लुगड्याच्या चिंध्यांनी बांधली, आणि छातीवरून एक पट्टा.

सगळी ओळ बघायला आली. धाकटी त्यात निजल्यासारखी पडली होती आणि छताकडे बघत होती. बाबांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी मला जवळ घेतलं.

तिसऱ्या दिवशी मी पाण्याचा गुंड घेऊन विहिरीवर गेले. विहीर काही लांब नव्हती. दोन बायांच्या मागे माझा नंबर होता, तेवढाच उशीर. परत आले तर खुर्चीत डोकं दिसेना. ती ताठ होऊन उतरत्या पाठीवरून खाली घसरली होती. कंबर बैठकीच्या बाहेर लोंबत होती, छातीवरचा पट्टा हनुवटीखाली येऊन गळ्यात रुतला होता. आणि मनगटं बांधलेलीच. हात सुटे असते तर ते वेडेवाकडे का होईना, कुठेतरी लागले असते. मी गुंड टाकला. तिला खालून उचलून धरलं आणि दातांनी गाठ सोडली. गाठ सुटेपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं, ते आता आठवत नाही. बहुतेक काहीच फेडलं नाही.

ती वाचली. गळ्यावर लाल वळ चार दिवस राहिला. मायने कुऱ्हाड घेतली आणि खुर्ची फोडून चुलीत घातली. चांगला साग, दोन दिवस जळत होता. बाबा ओट्यावर बसून राहिले. मीही मांडीवर आडवं भरवण्यावर परत आले, आणि आता मला दोन भीती होत्या, घासाची आणि पट्ट्याची.

मग चैत आला, मोहा पडायला लागला. त्या दिवसांत घरात कोणी राहत नाही. अस्वलाच्या आधी झाडाखाली पोचायचं म्हणून बाया झुंजूमुंजू निघतात. माय टोपली घेऊन पुढे, मी धाकटीला कडेवर घेऊन मागे, सोबत ती गोंड बाई. नाल्याच्या काठाला मोहाची तीन-चार झाडं होती. माय वेचत वेचत पलीकडच्या झाडांकडे गेली. मी धाकटीला फडक्यावर निजवलं आणि पेज पाजायला घेतली. तिने हात असा फेकला, की अर्धी पेज माझ्या अंगावर. मी तिला एक चापट मारली. खोटं कशाला बोलू, मारली.

गोंड बाईने ते पाहिलं. टोपली खाली ठेवून नाल्यात उतरली आणि दोन्ही हातांनी रेती उकरायला लागली. वरची कोरडी रेती बाजूला, मग खालची ओली. बघता बघता बसल्या लेकराच्या कमरेएवढा खड्डा झाला. मग वर येऊन तिने धाकटीला उचललं.

मी धडपडत उठले. कारण लहान लेकरू गेलं की आमच्यात त्याला जाळत नाहीत, पुरतात. आदल्याच साली माझा सव्वा महिन्याचा भाऊ गेला होता, त्याला याच नाल्याच्या काठी, जरा वरच्या अंगाला ठेवलं होतं. तो खड्डाही एवढाच होता.

"नको वो बाई," मी तिचा पदर धरला. "खड्ड्यात नको टाकू तिले."

"आमचे लेकरं असेच बसवतो अन् मोहा येचतो आम्ही," ती म्हणाली. "मेल्याले निजवते खड्ड्यात. जित्याले बसवते. सोड."

तिने धाकटीला खड्ड्यात उतरवलं. कंबर मागच्या भिंतीला टेकवली, गुडघे वाकवले, दोन मांड्यांच्या मध्ये ओल्या रेतीचा एक उंडा थापला आणि कमरेभोवती रेती दाबत आणली. पाय खाली तळाला टेकले. धाकटी ताठ व्हायला गेली, पण रेतीने तिला होऊ दिलं नाही. घसरायला जागाच नव्हती. थोड्या वेळाने तिचे खांदे खाली आले. आणि तिने मान उचलली. माझ्याकडे सरळ, समोरून बघितलं. पाच वर्षांत मी तिचं तोंड वरूनच पाहिलेलं. समोरून ती बाबांसारखी दिसत होती.

बाईने तिच्यापुढे रेतीवर मूठभर मोहाची फुलं टाकली आणि आपल्या कामाला गेली. मी मागच्या झुडपांवर नजर ठेवून बसले होते. अस्वल आलं तर हिला उपसून काढायला किती वेळ लागेल, हाच विचार. म्हणून हात निघालेला मला आधी दिसलाच नाही. दिसला तेव्हा तो फुलांच्या अलीकडे रेतीवर पडला होता. उठला, डोक्यामागे गेला, परत पुढे आला. पुन्हा चुकला. मग तिच्या बोटांखाली एक फूल आलं आणि बोटं त्याच्यावर मिटली. तिने ते इतकं दाबलं, की रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"बाई, पाह्य ना वो! पाह्य!" मी ओरडले.

माझी ओरड ऐकून आली ती माय. तिला काय दिसलं असेल, ते मला आज कळतं. नाल्याची रेती, खड्डा आणि त्यात अर्धी गेलेली तिची पोरगी. "जित्या पोरीले पुरून राह्यली का वो?" असं किंचाळत तिने धाकटीला उपटून काढलं. मोहा तिथेच सांडला. गोंड बाईला ती नाही नाही ते बोलली, आणि मला घरापर्यंत मारत आणलं. धाकटी सगळा रस्ता रडत होती, पण मूठ उघडत नव्हती.

घरी बाबांनी ती मूठ उघडली. आत फुलाचा लगदा होता. त्यांनी मला बाजूला घेतलं. "हात कुठून आला?"

"समोरून."

"डोक्यामागं नाई गेला?"

"एकडाव गेला. मंग समोर आला."

"अन् बांधला कुठी होता बाईनं?"

"हात नाई बांधला. कंबर दाबली होती रेतीत."

ते आपलंच मनगट चाचपून बघायला लागले. "आपुन उलटंच बांधलं मंग," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते मला घेऊन नाल्यावर गेले. खालची रेती ओली असल्यामुळे खड्डा ढासळला नव्हता. मांड्यांचे खळगे, मधला उंडा, टाचांच्या खुणा, सगळं जसंच्या तसं होतं. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, कमरेची पट्टी काढली आणि खड्ड्याला लावली. रुंदी, खोली, पाठीपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून तळापर्यंत. "पोरीचं माप घ्याले बंदी आहे," ते पुटपुटले, "खड्ड्याचं घ्याले कोनाची आहे?" असं म्हणाले खरे, पण पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं. मी तर तोंड फिरवून उभी राहिले. भल्या सकाळी बाप नाल्यात वाकून एवढ्याशा खड्ड्याचं माप घेतोय, हे दृश्य मी आदल्या साली पाहिलेलं होतं.

नवी खुर्ची आठ दिवसांत झाली. कशासारखीच दिसत नव्हती. अरुंद, सरळ पाठीची, दोन्ही बाजूंनी फळ्या, मध्ये मांड्या वेगळ्या ठेवणारी गोल खुंटी, पाय टेकायला पाट. छातीला काही नाही. कमरेवरून मात्र बाजेच्या नवारीचा रुंद पट्टा, घट्ट. पुढे एक फळी, कडेला बोटभर काठ ठेवलेली. हातांना काहीच नाही. ओळीतले लोक म्हणाले, हा तर खोडा आहे. मायने तीन दिवस तिच्याकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी तिने खुर्चीच्या पायाला काजळाचं बोट लावलं, दृष्ट लागू नये म्हणून, आणि म्हणाली, "बसव. पन मी इथीच उभी राहीन."

धाकटीला बसवलं. रेतीतल्यासारखेच खांदे खाली आले, मान वर आली. हात फळीवर पडले, थोडे नाचले आणि मग तिथेच राहिले. मी हनुवटीखाली तळहात धरून बसले होते. ही आता घसरेल, आता घसरेल. ती घसरली नाही.

मग मायने भात आणला. मऊ, वरण कालवलेला. मी पहिला घास घेतला तेव्हा बाबा ओट्यावर पाठ करून उभे होते, त्यांना बघवत नव्हतं. पहिला घास गेला. दुसरा गेला. भात बाहेर आला नाही. मला वाटलं, चला, जमतंय, आता लवकर उरकू या. मी तिसरा घास तोंडाशी नेला.

तिचा डावा हात फळीवरून उठला. मी डोकं मागे घेतलं, सवयीने. पण तो माझ्या नाकावर आला नाही. हळूहळू, वेडावाकडा, दोनदा भलतीकडे जाऊन तो माझ्या मनगटापाशी आला, आणि त्याने माझं मनगट बाजूला ढकललं. मी समजले, फेकला असेल. मी घास परत पुढे नेला. हात परत आला. परत ढकललं. आता तिच्या कपाळावर घाम होता आणि ती माझ्याकडे बघत होती, डोळे न फिरवता.

"थांब म्हनते थे तुले," माय म्हणाली.

मी थांबले. तेव्हा कुठे मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. गाल हलत होते. दुसरा घास अजून आतच होता. तिने तो सावकाश चावला, गिळला, आणि मग स्वतःहून तोंड उघडलं.

मायने त्याचं कौतुक केलं, बाबांना हाक मारली. माझ्यासमोर मात्र ठसक्याची ती दुपार उभी राहिली. मांडीवर आडवी धाकटी, एक हात माझ्या काखेत, एक माझ्या गुडघ्याखाली, आणि मी घास सारतेय, भराभरा, त्यावर आणखी एक. त्या दिवशीही तिच्या तोंडात आधीचा घास तसाच होता.